फेरा न झालेल्या चौतीस गाड्या

अमरावती, भाद्रपद शुद्ध ४, शके १७८५

ही वही पंतोजींची. शाळेच्या खिडक्या मी फुकट बसवून दिल्या होत्या, म्हणून बदलून जाताना त्यांनी मला ती दिली. म्हणाले, "खुशाल, सुताराच्या घरात अक्षर आलंय, त्याला गंज चढू देऊ नकोस." वर्षभर वही कोरीच राहिली, कारण लिहिण्यासारखं काही घडतच नव्हतं. आज घडलं.

अकोल्याहून महादेवराव आले होते. विलायतेच्या गिरण्यांसाठी कापूस उचलणाऱ्या व्यापाऱ्यांना गाड्या पुरवतात ते. तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली आहे आणि त्या देशाचा कापूस बंद झाला आहे, म्हणून आमच्या काळ्या मातीतल्या बोंडांना सोन्याचा भाव आलाय. आगगाडी अजून खानदेशातच आहे. तिथपर्यंत गठ्ठे न्यायचे तर गाडी हवी. महादेवरावांना पौषापर्यंत चाळीस गाड्या पाहिजेत.

आमच्या घरातून वर्षाला दहा निघतात, फार तर अकरा.

नत्थुजीदादा, माझा थोरला भाऊ, तुंबा तासत होता. तुंबा म्हणजे चाकाचा मधला गड्डा, सगळे आरे ज्यात बसतात तो. हातातला वाकस न थांबवता तो म्हणाला, "चाळीस? अन् लाकूड कोठी हाय?"

लाकूड अंबानाल्याच्या डोहात आहे. बाभळीचे ओंडके तोडून आणले की आम्ही ते डोहात बुडवतो. दोन पावसाळे पाण्यात मुरू द्यायचे आणि मग सावलीत वाळवायचे. तेव्हा कुठे ते चाकाच्या कामाचं होतं. आजोबांपासून असंच चालत आलंय. आज डोहात मुरलेलं लाकूड आहे ते सहा गाड्यांपुरतं.

मी महादेवरावांना हो म्हटलं, तेही हातावर हात मारून. दादाने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

भाद्रपद वद्य २

आठ दिवस डोक्यात दुसरं काही नव्हतं. मग सगळं उमगलं.

आमच्याकडे एक माणूस एक गाडी करतो. ओंडका फोडण्यापासून आसाच्या टोकाला कुणी, म्हणजे चाकाची खीळ, ठोकण्यापर्यंत सगळं तोच. वाकस ठेवा, पटाशी उचला, पटाशी ठेवा, करवत शोधा. अर्धा दिवस हत्यारं शोधण्यातच जातो. आता तसं नाही. अचलपुरातून चार सुतार आणले, ते फक्त तुंबे करतील. दोघे फक्त आरे तासतील. वाटोळ्याचे पुठ्ठे, म्हणजे चाकाच्या घेराचे लाकडी तुकडे, माळ्यांचे तिघे कापतील, मी फळीवर नमुना काढून दिलाय, त्यावर ठेवायचं आणि रेघेवरून कापायचं. त्यांनी जन्मात करवत धरली नव्हती, दोन दिवसांत रेघेला बिलगून कापू लागले. जोडणी मी करणार. चाकाभोवती लोखंडी धाव बसवायला लोहार आमच्याच आवारात भट्टी घालून बसलाय.

पाच दिवसांत एक चाकजोडी निघाली. दादाला दाखवली. तो म्हणाला, "चांगली हाय. पण हे कोनाच्या हातची म्हनायची?" मी म्हटलं, आपल्या घरची. तो हसला. दादाचं हसू मला कधीच कळलेलं नाही.

आश्विन शुद्ध ९

खंडेनवमी. हत्यारं धुऊन मांडली, शेंदूर लावला, झेंडू वाहिला. मनकर्णावहिनीने पुरण केलं होतं.

पहिल्या सहा गाड्या आज गेल्या. त्या मुरलेल्या लाकडाच्या होत्या आणि त्यांचा फेराही रीतीप्रमाणे झाला. नवी गाडी आधी अंबानाल्याच्या खडकाळ पात्रातून न्यायची आणि तिच्यात आमच्या घरचं एक माणूस बसवायचं, ही आमच्या घरची चाल आहे. गाडी नाला ओलांडून सुखरूप आली की मगच दादा पटाशीने तुंब्याच्या आतल्या अंगाला बेलाचं पान कोरतो. ती आमच्या घराची निशाणी. बाबा म्हणायचे, ज्यात आपलं माणूस बसत नाही ते चाक विकू नये. माझी लेक सत्यभामा सासरी जाईपर्यंत प्रत्येक गाडीत तीच बसायची. परकर खोचून पुढे बसायची आणि खडकावर चाक आदळलं की किंचाळून हसायची. आज वहिनी बसली. तिने सगळ्यांना शिव्या घातल्या.

राहिल्या चौतीस. डोह रिकामा झाला आहे.

आश्विन वद्य ३

ताजी बाभूळ आणवली. कडक आहे, वाकसाला लागते तेव्हा टणक आवाज येतो. मुरलेल्या लाकडात आणि हिच्यात डोळ्याला फरक दिसत नाही. धाव थोडी लहान घेतली, तापवून चढवली की अशी आवळते की सांध्यात सुई जाणार नाही. मी सगळी युक्ती दादाला समजावून सांगितली.

त्याने एक तुंबा उचलला, नाकाशी नेला आणि खाली ठेवला. "खुशाल, हे अजून झाडच हाय रे," म्हणाला.

असं बोलून माणूस काय मिळवतो? महादेवरावांना काय सांगू, दोन पावसाळे थांबा? अमेरिकेतली लढाई काय आमच्या डोहासाठी थांबणार आहे?

कार्तिक शुद्ध ६

चौतीस गाड्यांचे फेरे काढायचे म्हणजे बैल जुंपा, नाल्यावर न्या, माणूस शोधा. दोन गाड्यांमागे एक दिवस बुडतो. फेरा बंद केला. कोरीव पानाचंही तेच. दादा एका पानाला घटकाभर लावतो. लोहाराकडून लोखंडी ठसा करून घेतला, बेलाच्या पानाचाच. तापवायचा, तुंब्यावर दाबायचा, चर्र, झालं. पोरसुद्धा करू शकेल. कोरलेल्या पानापेक्षा हे पान जास्त रेखीव दिसतं, हे कोणीही कबूल करील.

दादाने ठसा हातात घेऊन पाहिला. उलटा केला, सुलटा केला. "मले काहून दाखवून राहिला? तुले पाहिजे ना? मार."

तेव्हापासून त्याने चाकाला हात लावलेला नाही. मागच्या निंबाखाली बसून गावकऱ्यांची वखरं आणि तिफणी दुरुस्त करतो. मी त्या लोकांना परत पाठवत होतो, सुगी संपल्यावर या म्हणत होतो. ते आता मागच्या वाटेने येतात. दादाला त्याचं पायली-दोन पायली धान्य मिळतं. बसू दे. प्रत्येक घरात एक जुनं माणूस लागतंच.

आज त्याने गाडीभर बाभळीचे ओंडके आणून डोहात लोटले. एकटाच लोटत होता, कमरेभर पाण्यात. मी काठावरून ओरडलो, "दादा, हे कामाला येईस्तोवर लढाई संपेल." तो म्हणाला, "संपू दे."

मार्गशीर्ष वद्य ५

सत्यभामा बाळंतपणाला आली. मूर्तिजापूरकडून आली, तिच्या सासऱ्यांच्या जुन्या गाडीतून. चेहरा उतरलाय, पाय सुजलेत, पण जीभ तशीच. आवारातल्या गर्दीत फिरून आली आणि म्हणाली, "बाबा, इतक्या गाड्या! फेऱ्याले कोन बसते?"

मी म्हटलं, तुझी वाट पाहतोय. ती हसली. माझी बायको तानुबाई हसली नाही.

पौष शुद्ध ११

चाळिसावी गाडी आज गेली.

संक्रांतीच्या आधी! महादेवरावांनी सगळ्यांच्या देखत मला पागोटं बांधलं. म्हणाले, "अख्ख्या वऱ्हाडात असं कोनी केलं नाई." अचलपूरचे सुतार, माळी, लोहार, सगळ्यांना जेवण घातलं. मी आज चार माणसांइतका मोठा झाल्यासारखं वाटतंय. खोटं कशाला लिहू?

दादा जेवायला बसला होता. पोटभर जेवला.

माघ शुद्ध १३

मुलगी झाली. सत्यभामा सुखरूप आहे. पोरीचे कान आमच्या आईसारखे आहेत.

फाल्गुन वद्य ८

ऊन तापू लागलंय. वामन गाडीवान आला होता, महादेवरावांच्या गाडीवरचा. चाक वाजतंय म्हणाला. पाहिलं तर तीन आरे खुळखुळत होते आणि धाव बोटभर सुटली होती. मी म्हटलं, रात्रभर नाल्याच्या पाण्यात ठेव, फुगेल. सकाळी फुगलं. घट्ट झालं. वामन खूष होऊन गेला.

हे सगळेच करतात. कोणत्या गावचा गाडीवान उन्हाळ्यात चाक भिजवत नाही?

तरी नोंदून ठेवतो: मुरलेल्या लाकडाला फाल्गुनात पाणी लागत नाही. ज्येष्ठात लागतं, तेही कधीमधी.

चैत्र वद्य १

वामनची गाडी उतारावर मोडली. बाळापूरच्या पुढे. चाकातून आरे निघाले, पुठ्ठे उघडले, वर गठ्ठे होते ते सगळे त्याच्या अंगावर. पाय गुडघ्याखाली चुरगळला. हाडवैद्य म्हणतो, जीव राहील, पाय सांगता येत नाही.

महादेवराव स्वतः सांगायला आले आणि लगेच म्हणाले, "भार जास्त घातला व्हता त्यानं. तू मनाले लावून घेऊ नको." पुढच्या हंगामाला साठ गाड्या सांगून गेले. साठ.

भार जास्त होताच. सगळेच घालतात. मी तीनदा लिहायला बसलो आणि तीनदा हेच लिहिलं. आता ठेवतो.

चैत्र वद्य ४

वामनच्या घरी गेलो नाही. दादा गेला होता, ज्वारी घेऊन. पाय कसा आहे ते मी विचारलं नाही.

साठ गाड्यांना हो म्हटलेलं नाही, पण नाहीही म्हटलेलं नाही.

वैशाख शुद्ध ५

आखाजीचा सण झाला. सत्यभामेला न्यायला तिचे सासरे किसनराव आज आले. त्यांच्या घरात दोन पिढ्या कोणी हत्यार धरलेलं नाही, शेतीच करतात, पण लाकडाची आवड आहे. आवाराच्या बाहेरूनच हाका मारायला लागले. "खुशालराव! बाहेर या, पाहा मी कायच्यात बसून आलो!"

नवी गाडी होती. बैलांच्या शिंगांना रंग, वर तट्ट्या, खाली गवताची गादी, सून आणि नात यांच्यासाठी. किसनराव खाली उतरले, चाकाजवळ वाकले आणि तुंब्यावर बोट ठेवलं. "अकोल्याच्या बाजारात महादेवरावाच्या आवारात उभी व्हती. व्याह्याच्या घरचं निशान पाह्यलं, भाव नाई इचारला."

बेलाचं पान. कोरलेलं नव्हतं, जाळलेलं होतं. रेखीव.

मी म्हटलं, "छान केलंत." आणि पाणी आणायला आत गेलो. घागर भरलेली होती, मला ती दिसत नव्हती.

संध्याकाळी किसनराव जेवायला बसल्यावर मी चाकं पाहिली. दोन दिवसांच्या उन्हात आलेली गाडी. हाताने आरा धरला तर हलला. डावीकडचं जास्त वाईट आहे. मूर्तिजापूरच्या पुढे त्यांच्या गावाआधी उतार आहे आणि उताराखाली ओढा.

तानुबाईला सांगितलं, उद्याचा दिवस चांगला नाही, बाळंतिणीला पाठवू नये. ती लगेच कबूल झाली.

वैशाख शुद्ध ६

आजही नाही पाठवली. पोरीला पडसं झालंय म्हटलं. मनकर्णावहिनीने पोरीच्या नाकाला हात लावून पाहिला आणि माझ्याकडे पाहिलं.

दुपारी चाकं पाण्यात घालायला नेली. "धुऊन देतो," म्हटलं. किसनराव म्हणाले, माझे व्याही किती कष्टाळू! भिजली की फुगतील. दीड दिवस टिकतील. गाव दोन दिवसांवर आहे. मी हिशेब करत होतो, की ते गाव दीड दिवसांवर असतं तर.

हे लिहिलेलं मी पुन्हा वाचलं. या वहीत असं वाक्य माझ्या हाताने उतरलं आहे.

दादा डोहात होता, ओंडके उलटेपालटे करत. "चाक भिजवून राहिला काय?" एवढंच म्हणाला. मी म्हटलं, धूळ बसली होती.

वैशाख शुद्ध ७

आज सकाळी जुंपली.

सगळं घर बाहेर आलं होतं. ओटी भरली, पोरीला काजळाची तीट लावली. सत्यभामेने पोरीला छातीशी धरलं आणि गाडीच्या फळीवर पाय ठेवला. मग थांबली. चाकाकडे पाहून लहानपणीसारखी हसली.

"बाबा, फेरा झाला काय इचा?"

"झाला," मी म्हटलं.

"कोन बसलं व्हतं?"

मला नाव सुचलं नाही. चार नावं होती घरात. एकही सुचलं नाही. तिचा दुसरा पाय वर उचलला गेला होता.

"उतर," मी म्हटलं. "सत्या, खाली उतर."

ती घाबरून उतरली. किसनराव म्हणाले, "काय झालं?" मी हातोडी मागितली, कोणी दिली ते आठवत नाही. डाव्या चाकाच्या तुंब्यावर एक ठोका मारला. रात्रभर भिजूनही ते फुगलं नव्हतं; एक आरा निघून माझ्या हातात आला. ओढावासुद्धा लागला नाही. मी तो किसनरावांच्या हातात दिला आणि सगळं सांगितलं. ओलं लाकूड, आवळलेली धाव, ठसा, बंद केलेले फेरे, वामनचा पाय. तानुबाई रडू लागली. दादाने बैल सोडले.

किसनराव बराच वेळ तो आरा हातात फिरवत होते. मला वाटलं मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"म्हंजे माही सून उतरली," ते म्हणाले. "बरं झालं. आता बाकीच्या गाड्याईत ज्या बसून राहिल्या, त्यायचे बाप कोठी हायेत?"

चौतीस ओल्या गाड्या. एक उतारावर मोडली, एक ही. बत्तीस राहिल्या.

सत्यभामा बाबांच्या वेळच्या जुन्या गाडीतून गेली. आधी दादाने ती नाल्यातून नेऊन आणली. आत तो स्वतः बसला होता, साठीचा माणूस, परकर खोचलेल्या पोरीसारखा पुढे. कोणी हसलं नाही. सत्या वाकून माझ्या पाया पडली. मी पाय मागे घेतला.

वैशाख शुद्ध ९

महादेवरावांना घोडेस्वाराकरवी निरोप पाठवला होता, की गावोगाव जाऊन ओल्या गाड्या थांबवणार आहे; त्यांचं उत्तर आलं. साठ गाड्या दुसरीकडे सांगत आहेत. आणि गावोगाव हिंडून हे बोललास तर वऱ्हाडात तुझ्याकडून कोणी खुंटीसुद्धा करून घेणार नाही. ते खरंच सांगताहेत. अचलपूरच्या सुतारांना मी आज निरोप दिला.

मग डोहावर गेलो. लोकांची चाकं काढून घेतली तर बदल्यात काय देणार? दादा काठावर बसला होता. पाणी उन्हाने आटलंय, ओंडके दिसत होते, ओळीने लावलेले. मी मोजले. तुंब्याचे जाड ओंडके अडुसष्ट होते. पुन्हा मोजले. चौतीस गाड्या, गाडीला दोन चाकं.

"दादा, हे कार्तिकापासून?"

"दोन पावसाळे अजून लागतीन," तो म्हणाला.

"तू तेव्हा बोलला का नाहीस?"

"बोल्लो ना. तू ऐकत नव्हता, तं मंग लाकडं आनली." त्याने पाण्यात एक ढेकूळ टाकलं. "वाकस घे. मी येतो संगं."

अकोला, वैशाख शुद्ध १३

मोर्णा नदीच्या काठी उतरलो आहोत. घरच्या दुसऱ्या जुन्या गाडीने चार दिवस लागले. वाटेत बोरगावजवळ दोन गाड्या भेटल्या, दोन्हींवर दादाने कोरलेलं पान. त्या सहांतल्या. चाकं मजबूत होती. दादाने तुंब्यावरून हात फिरवला आणि आमची गाडी पुढे हाकली.

आज सकाळी जुन्या शहराच्या बाजूने पूल नसलेल्या उतारावरून एक गाडी पात्रात उतरत होती. आत एक बाई, तिच्या मांडीवर मूल, मागे भाजीचे हारे. मी धावत गेलो आणि बैलांसमोर उभा राहिलो. गाडीवान ओरडला. मी वाकून तुंबा पाहिला. जाळलेलं पान.

बाईला म्हटलं, "माय, खाली उतरा. हे चाक माझ्या घरचं आहे."

"मंग?" ती म्हणाली.

"म्हणूनच उतरा."

तिच्या नवऱ्याने मला दिल्या त्या शिव्या इथे लिहीत नाही. सगळ्या खऱ्या होत्या. पाऊण बाजार जमा झाला. मी नाव सांगितलं, गाव सांगितलं, दोन पावसाळ्यांनी अमरावतीला येऊन मुरलेल्या लाकडाची चाकं घेऊन जा म्हटलं. तोवर काय खांद्यावर भाजी वाहू, असं त्याने विचारलं. दादाने आमची गाडी सोडून बैलांसकट त्याच्या हातात दिली. आम्ही आता पायी आहोत.

बाई उतरली. मुलाला कडेवर घेऊन पात्रातून चालत पलीकडे गेली, मागे न पाहता.

एकतीस राहिल्या.